प्रवीणाबेनच्या गच्चीवरचे बटाटे

९ जानेवारी

आज आणखी एकाने विचारलं, टोमॅटो कधी लागणार. सेक्रेटरी जितेंद्रभाई पाण्याची टाकी बघायला गच्चीवर आले आणि माझ्या पोत्यांपाशी उभे राहून म्हणाले, भाभी, सॅलडसाठी आम्हालाही द्या. मी म्हटलं, देईन ना. खोटं बोलताना आता जीभ अडखळतसुद्धा नाही.

ते टोमॅटो नाहीत, बटाटे आहेत. सात पोती.

तुळशीचं लग्न उरकून गावाहून परत आलो तर टोपलीतल्या बटाट्यांना बोटभर मोड. टाकवेनात. आमच्याकडे फणसाच्या आठळ्यासुद्धा मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवतात. मोड आलेला बटाटा कचऱ्यात जायला हात धजत नाही. गच्चीवर रिकामी पोती पडलीच होती. डोळे बघून तुकडे केले आणि खोचून टाकले.

खोचताना आठवलं नाही असं नाही. गच्चीवरची बाग मुळात समोरच्या प्रवीणाबेनची. मोगरा, तुळस, जास्वंद, सगळं त्यांच्या हातचं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अर्धी जागा आपण होऊन मला दिली आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली, की जमिनीखालचं काही लावू नका. त्या जैन. कांदा-बटाटा खात नाहीत, आणि उपटताना मातीतले किती जीव मरतात याचा त्यांना त्रास होतो. मी मान डोलावली होती. तेव्हा खरंच लावायचे नव्हते.

पण दोन वर्षांत माझ्या अर्ध्या जागेतून वाटीभर भाजी निघालेली नाही. वांग्यांवर पांढरा कापूस पडला, मिरचीची पानं आकसली, भेंडी आली ती लाकडासारखी. ह्यांनी तर एकदा पाहुण्यांसमोर सांगितलं की आमच्या हिच्या हाताला फक्त पोळ्या येतात. आणि हे बटाटे बघा, कोणी विचारत नसताना तरारून वर आले. आता काय उपटून टाकू? प्रवीणाबेननी विचारायच्या आत मीच सांगून मोकळी झाले, की टोमॅटो लावलेत. पानं जवळपास सारखीच दिसतात.

त्या पानांकडे बघत म्हणाल्या, "अच्छा. टोमॅटो." भोळी बाई आहे.

१८ जानेवारी

बटाटे काढायचे कधी, हे जगात कोणालाच नीट माहीत नाही असं माझं मत झालंय. युट्यूबवर एक मडम सांगते, फुलं आली की लवकरचे बटाटे तयार. उत्तर प्रदेशातला एक भाऊसाहेब सांगतो, पत्ता पीला पडने दो. तिसरा सांगतो ऐंशी दिवस, चौथा म्हणतो शंभर. गावाला सदूभावजींना फोन केला. ते म्हणाले, वेल पूर्ण सुकून जमिनीला टेकू द्या, तोवर हात लावू नका वहिनी. पाच मिनिटं बोलल्यावर कळलं की ते करांद्यांबद्दल, वेलाच्या कंदांबद्दल बोलत होते. बटाटा त्यांनी जन्मात लावलेला नाही.

मी फुलांवर भरवसा ठेवलाय. पण फूल आलं तर पांढरं-जांभळं येणार म्हणे, टोमॅटोचं पिवळं असतं. म्हणजे ज्या दिवशी मला कळणार की बटाटे तयार आहेत, त्याच दिवशी सगळ्या बिल्डिंगला कळणार. देवा, फूल येऊ दे की नको येऊ दे, तुला नक्की काय सांगू तेच समजत नाही.

३० जानेवारी

फूल नाही. रोज वर जाऊन शेंडे बघते. इथल्या उकाड्यात फुलणार नाहीत असं आता त्या मडमच्या व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलंय. मग आधी सांगायचं ना.

प्रवीणाबेन रोज संध्याकाळी चार मजले चढतात-उतरतात, दोन-दोन वेळा. फागणात पालिताण्याची यात्रा आहे, डोंगर चढून पुढे बरंच चालायचं असतं, त्याची तयारी. दर वर्षी जातात, कधी खंड नाही. दमल्या की माझ्या पोत्यांशेजारच्या खुर्चीत बसतात आणि माझ्याकडे बघत राहतात, काहीतरी ऐकायची वाट बघितल्यासारख्या. मी बोलते, आज ऊन फार आहे. त्या म्हणतात, हो ना. गंमत म्हणजे टोमॅटो कधी लागणार हे सगळी बिल्डिंग विचारते, त्या एकट्या कधी विचारत नाहीत. बागेची आवड असून असली कशी ही बाई, दुसऱ्याच्या झाडाचं काडीचं कौतुक नाही.

७ फेब्रुवारी

काल एका पोत्यात माती बसून एक बटाटा वर डोकावत होता. सुपारीएवढाच, पण डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खरंच आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी झालंय. तेवढ्यात जितेंद्रभाईंचा आवाज आला म्हणून तशीच खाली आले.

आज सकाळी बघते तर त्यावर छान ओंजळभर माती ओढलेली. ह्यांना विचारलं, तुम्ही वर गेला होतात? म्हणाले, मी कशाला जाऊ, मला काय चार मजले चढायची हौस आहे? खोटं बोलतायत. कौतुक वाटलं तर ते तोंडाने कबूल करायची ह्यांची रीतच नाही. पण एवढं सुचलं ह्यांना, याचं मला नवल वाटलं.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपासाला घरचा बटाटा, एवढीच इच्छा होती. दुपारी गच्चीवर कोणी नसताना एका पोत्यात हात घातला. झाड न उपटता बोटांनी चाचपून मोठे तेवढे काढता येतात असं पाहिलं होतं. बघायला सोपं. माझा हात आत गेला, काहीतरी कट्कन मोडलं आणि अख्खं झाड आडवं झालं. हाताला दोन लागले. एक लिंबाएवढा, दुसरा त्याचं पोर.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. दोन्ही बटाटे ओढणीत गुंडाळले आणि मोडलेलं झाड मातीत तसंच उभं खोचलं. प्रवीणाबेन वर आल्या, माझ्या कोपरापर्यंत मातीने भरलेल्या हाताकडे बघितलं, आणि म्हणाल्या, आज तुमचा उपास ना, काय काय करणार? मी म्हटलं, रताळी. का म्हटलं कोण जाणे. बटाटा म्हटलं असतं तरी काय बिघडणार होतं, बाजारात मिळतातच की. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

घरी आणून अंगठ्याने घासले तर साल कागदासारखी सुटून आली. म्हणजे कोवळे आहेत, साठवणीला नाहीत पण खायला उत्तम. उकडून मीठ-जिरं लावलं. अर्धा-अर्धा खाल्ला. हे म्हणाले, प्रसाद आहे की औषध? पण नंतर वाटी बोटाने पुसून खाल्ली ते मी बघितलं.

आता पंचाईत अशी, की आत्ता काढले तर असेच लिंबाएवढे, आणि थांबले तर ऊन वाढतंय. शिवाय सहा पोती उपटायची म्हणजे गच्चीभर माती आणि दोन तासांचं काम, आणि त्या दोन तासांत प्रवीणाबेन चार वेळा चढून येणार. बटाटे तयार होऊन उपयोग नाही, गच्ची रिकामी व्हायला हवी.

२१ फेब्रुवारी

पानं पिवळी पडायला लागली. सगळ्यांचं एकमत व्हावं अशी ही एकच खूण होती, तर नेमकं आज प्रवीणाबेन म्हणतात, "मनोरमाबेन, आता याला पाणी बंद करा. आठ-दहा दिवस अजिबात नको."

माझं डोकंच फिरलं. टोमॅटोचं झाड पिवळं पडलं तर माणूस पाणी वाढवेल की बंद करेल? त्यांना गच्ची गळायची भीती असणार, बाग मुळात त्यांची ना. सरळ सांगायचं ना तसं. मी त्या खाली गेल्यावर मुद्दाम दोन बादल्या ओतल्या.

एक बातमी मात्र कामाची. त्यांची बस सत्तावीसला संध्याकाळी देरासरापासून, त्यांच्या मंदिरापासून सुटणार, परत यायला पाच दिवस. वाटलं, सुटले. घरी येऊन ह्यांच्यापुढे तोंड उघडणार तोच हे म्हणाले, शिमग्याच्या गाडीचं बुकिंग झालं, सत्तावीसची संध्याकाळ.

त्यांची फागणातली यात्रा आणि आमचा शिमगा एकाच पौर्णिमेला धरून येतात, हे मला आधी सुचायला हवं होतं. पंचवीस वर्षं समोरासमोर राहतोय.

२४ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं, माझा गुडघा धरलाय, मी येत नाही. हे पेपर बाजूला ठेवून बघत राहिले. म्हणाले, पालखी दारात येणार आणि ओटी भरायला घरची सून नाही? मी म्हटलं, धाकटी जाऊ आहे ना. ह्यांनी पेपर परत तोंडासमोर धरला. भांडले असते तर बरं झालं असतं.

पण मी तरी काय करू? शिमगा दर वर्षी येतो. माझ्या हाताला काही लागायची ही पहिलीच वेळ आहे, आणि दोन वर्षं ऐकून घेतलंय मी.

लंगडताना उजवा की डावा ते ठरवून ठेवलंय. उजवा.

२७ फेब्रुवारी

हे गेले. खाली सोडायलाही गेले नाही, गुडघा ना. खिडकीतही उभी राहिले नाही. उद्या सकाळी सहाला वर जाणार. घमेलं, खुरपं, जुनी चादर, टोपली, सगळं दाराशी काढून ठेवलंय. उद्या या वेळेला माझ्या घरात माझे बटाटे असतील.

२८ फेब्रुवारी

प्रवीणाबेन गच्चीवर. सकाळी सहाला. मोगऱ्याला पाणी घालतायत.

मी टोपली जिन्यातच टाकली आणि लंगडायला लागले. विचारलं, तुम्ही गेला नाहीत? म्हणाल्या, ना, या वर्षी नाही जमलं. आणि मलाच ओरडायला लागल्या, की पाय दुखतोय तर जिने कशाला चढता, काय लागलं तर मला आवाज द्या. हाताला धरून खाली आणून सोडलं मला. बाई, किती हळू उतरायला लावलं.

खाली त्यांची सून दिव्या भेटली. म्हणाली, "आंटी, घुटना कैसा है? मम्मी को कल से आपका ही टेंशन है." असणारच टेंशन. काहीतरी संशय आलाय त्यांना म्हणूनच राहिल्यात, राखण करायला. एवढी दर वर्षीची यात्रा, महिनाभर जिने चढल्या, आणि आयत्या वेळी नाही जमलं? कोणाला सांगता?

इकडे नवरा नाराज, पालखी चुकली, आणि बटाटे आहेत तिथेच आहेत. मी एवढी चिडलेय की दुपारी जेवले नाही. मग एक वाजता बेल वाजली. प्रवीणाबेन. मुगाची खिचडी, कढी आणि वाटीत कसलंसं गरम तेल. स्वतः खाली बसून माझ्या गुडघ्याला चोळून दिलं. मी डावा पुढे केला, मग आठवलं आणि उजवा केला. त्यांच्या लक्षात आलं नाही.

१ मार्च

तेल दोनदा. खिचडी एकदा, दुधीचे मुठिये एकदा. मला घरातल्या घरात लंगडावं लागतंय, कारण त्या आता बेल न वाजवता दार ढकलून येतात. संध्याकाळी वर गेले तर पानं पार काळपट-पिवळी होऊन पोत्यांच्या कडेवर पडलेली. माती ओली. ही माझीच करामत. आत सडत असणार. आता खूणबिण काही राहिली नाही, काढायलाच हवेत, आणि त्या माझ्या मागोमाग हजर.

सारखं वाटतंय की रडावं. बटाट्यांसाठी रडणारी बाई कोणी बघितली असेल तर सांगा.

२ मार्च

आज काय झालं ते झालं तसं लिहिते.

चार वाजता वर गेले. आज काय व्हायचं ते होऊ दे, या विचाराने खुरपं पिशवीत घेतलं होतं. दोन मिनिटांत प्रवीणाबेन आल्याच. खुर्ची उचलली, टाकीकडे तोंड करून ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

"काढा आता," म्हणाल्या. "अजून ठेवले तर सडतील. मला बघवत नाही, म्हणून अशी बसते."

मी म्हटलं, काय काढू?

"बटाटा."

माझ्या हातातून खुरपं पडलं. त्या टाकीकडेच बघत बोलत होत्या. "माझं माहेर डीसा. गावाबाहेर निघालं की दोन्ही बाजूला बटाटाच बटाटा. खात नाही म्हणून ओळखत नाही का मी? पहिलं पान आलं तेव्हाच मालूम होतं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. रोज इथे येऊन बसत होते, वाटायचं आज सांगतील. तुम्ही टोमॅटोच बोलत राहिल्या." मग म्हणाल्या, "तुम्ही बटाटा लावला, ते तुमचं तुम्ही बघा. मला पाप सांगायचं नाही तुम्हाला. पण तीन महिने माझ्या तोंडावर खोटं, ते मला लागलं, मनोरमाबेन."

मी खाली बसले आणि पोतं आडवं केलं. खालून घरंगळत बटाटे बाहेर आले. लिंबाएवढे, काही मुठीएवढे, पातळ सालीचे, पिवळसर. दोन पोत्यांत तळाला सगळं सडून घाण वास येत होता. त्या म्हणाल्या, पाणी बंद करायला म्हणूनच सांगितलं होतं, डीसाला खणायच्या आधी असंच करतात. आणि तो एक वर आला होता त्याच्यावर मातीही त्यांनीच ओढली होती. हिरवा झालेला बटाटा खाल्ला की माणूस आजारी पडतो म्हणे. ज्या बाईने आयुष्यात बटाट्याला हात लावला नाही तिने मी आजारी पडू नये म्हणून लावला, आणि मी ते श्रेय ह्यांना देऊन बसले होते.

चौथं पोतं सोडताना त्या म्हणाल्या, "उकिडवं बसू नका हां. स्टूल घ्या. गुडघ्यावर जोर येईल."

मी उकिडवीच बसले होते. पाठ माझ्याकडे होती म्हणून दिसलं नाही त्यांना.

मग त्यांनीच सांगितलं. सत्तावीसला बॅग घेऊन त्या खाली उतरल्या होत्या. आमचे हे एकटेच रिक्षात बसताना दिसले. मनोरमाबेन कुठे, म्हणून विचारलं तर हे म्हणाले, तिला पाय टेकवत नाही. "मग मी दिव्याला बोलले, बॅग वर ने. घरात एकटी बाई, दुखता पाय, कोणी पाणी पण देणार नाही. देव काय, पुढच्या वर्षी पण डोंगरावरच आहे."

टोपली भरली होती. त्यांनी उठून, तोंड तसंच वळवून, झाडू माझ्या बाजूला सरकवला आणि हळूहळू खाली गेल्या.

३ मार्च, होळी

टोपली ओट्याखाली आहे. अजून एक बटाटा चिरलेला नाही.

सकाळी तेल घेऊन त्या आल्या. त्या चिडल्या असतील, येणार नाहीत असं मी धरून चालले होते. लागलं असं तोंडाने सांगून, तरी गुडघा चोळायला येते ही बाई. मी पाय पुढे केला. केला! तेव्हाच सांगायचं होतं, तर मी म्हटलं, आज जरा बरं आहे.

बटाट्याचं त्यांना पहिल्या पानापासून ठाऊक होतं, त्यामुळे ते खोटं एका परीने फुकट गेलं, कोणी फसलंच नाही त्यात. हे दुसरं मात्र त्यांनी सरळ खरं मानलं आणि त्यापायी यात्रा सोडली. जिन्यातून त्यांची बॅग वर जाताना मी दाराआड घमेलं पुसत बसले होते. माझा मलाच इतका राग आलाय की कोणाशी भांडावं तेही सुचत नाही.

फोनवर हे म्हणाले, पालखी येऊन गेली, ओटी धाकटीने भरली. गुडघा कसा आहे? ह्यांनासुद्धा बरा आहे म्हटलं.

५ मार्च

हे काल रात्री आले. टोपली बघून थक्क. सकाळी स्वतःच चार उकडले, मोहरी-हिरवी मिरची घालून भाजी केली आणि म्हणाले, अगदी वेळेवर काढलेस, बाजारात असे मिळत नाहीत. दोन वर्षं हे ऐकायला जीव टाकत होते. ऐकलं, आणि घास गिळवेना. ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, मला काय सांगतेस, समोर जाऊन सांग. सांगायचं असेल तर आत्ताच जा, नाहीतर राहील.

गेले. लंगडत नाही, सरळ चालत. दार उघडंच होतं. प्रवीणाबेन गॅसपाशी उभ्या होत्या, छोट्या कढईत तेल गरम करत. माझ्या गुडघ्याचं तेल ते.

मी आत न जाता दारातूनच बोलले, कारण आत गेले असते तर त्या बसा म्हणाल्या असत्या आणि माझं पुन्हा राहिलं असतं. "प्रवीणाबेन, माझा गुडघा दुखत नाहीये. दुखतच नव्हता. तुम्ही गेल्यावर बटाटे काढायचे म्हणून मी खोटं सांगून मागे राहिले होते."

त्यांनी गॅस बंद केला. माझ्या पायांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे.

"हे मला मालूम नव्हतं," म्हणाल्या.

बसा म्हणाल्या नाहीत. जा असंही म्हणाल्या नाहीत. मी उभी राहिले.